बोटातला थेंब आणि आयएनआरचं यंत्र : घ्यावं की नको?

आधी निकाल सांगून टाकते, पाल्हाळ नंतर. छातीत कृत्रिम व्हॉल्व्ह असेल, रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची असेल आणि राहायला तालुक्याच्या गावी असाल, तर घरच्या घरी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, बघायचं यंत्र घेण्यासारखं आहे. यंत्रात घालायच्या पट्ट्या महाग आहेत, सोबतची पुस्तिका कुचकामी आहे आणि विकणारा माणूस अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी मी सांगते. कंपनीचं नाव लिहीत नाही. एकच यंत्र वापरलंय, दुसऱ्याशी तुलना करायला माझ्याकडे काही नाही.

मी बेळगावजवळच्या खानापुरात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लहानपणी सांधे धरून ताप आला होता. तो हृदयावर गेला होता, हे कळायला लग्न आणि बाळंतपण व्हावं लागलं. हृदयाची मायट्रल नावाची झडप पार निकामी झाली होती. ती काढून चित्रा व्हॉल्व्ह बसवला. हा आपल्याकडचाच. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने बनवलेला, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवला. चौकट धातूची आणि आत हलणारी चकती एका चिवट प्लास्टिकची. व्हॉल्व्ह चांगला आहे, तक्रार नाही. पण शरीराला तो परकाच वाटतो आणि त्याच्यावर रक्त गोठायला बघतं. म्हणून रोज संध्याकाळी ॲसिट्रॉम, ती रक्त पातळ ठेवायची गोळी.

माझा आयएनआर २.५ ते ३.५ च्या मध्ये हवा, असं डॉक्टरांनी फाइलवर लाल शाईने लिहून दिलंय. खाली गेला तर व्हॉल्व्हवर गुठळी, आणि ती सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू. वर गेला तर हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त, आणि नशीब फुटकं असेल तर डोक्यात रक्तस्राव. दोन्हीकडे दरी आहे. आता बाजारात बिनतपासणीच्या नव्या गोळ्या आल्यात, त्या का घेत नाही, असं मला ज्याला त्याला विचारायचं असतं. त्या गोळ्या पुष्कळांना चालतात, पण धातूच्या व्हॉल्व्हवाल्यांना नाहीत. डॅबिगॅट्रान नावाची अशी गोळी व्हॉल्व्हच्या रुग्णांना देऊन बघितली, तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, २०१३ साली निष्कर्ष छापून आले. तेव्हा आमच्या नशिबी जुनीच गोळी आणि तिच्या मागोमाग तपासणी.

तपासणी म्हणजे काय, हे खानापूरच्या पावसात राहणाऱ्यालाच कळेल. बेळगाव इथून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. सकाळची बस किंवा रेल्वे, लॅबमध्ये रांग, रिपोर्ट संध्याकाळी, डॉक्टरांना फोन दुसऱ्या दिवशी, आणि मग "पाव गोळी वाढवा". तोवर दुकान बंद. लग्नसराईत दुकान बंद ठेवलं की गिऱ्हाईक कापड उचलून दुसरीकडे जातं, परत येत नाही.

मग जवळच्या एका लॅबमध्ये द्यायला लागले. तिथे एकदा जे झालं, त्यामुळे हे यंत्र घरात आलं. रक्त काढणारा मुलगा नवा होता. माझ्या शिरा आधीच बारीक, त्याला मिळेना. मिळाली तेव्हा रक्त ठिबकत ठिबकत आलं, निळ्या बुचाची नळी अर्धीच भरली आणि त्याने सुई काढून घेतली. म्हणाला, "अक्का, शीर लई बारीक हाय. एवढं पुरं होतंय." संध्याकाळी रिपोर्ट : आयएनआर ५.८. घरात रडारड व्हायची बाकी राहिली. डॉक्टरांनी गोळी थांबवायला सांगितली आणि लगेच दुसरीकडे परत तपासा म्हणाले. तिथे निघाला २.९.

निळ्या बुचाच्या नळीत आधीपासून सायट्रेट भरलेलं असतं. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त नळीत गोठत नाही. प्रमाण ठरलेलं आहे : नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं, मग मशिनमध्ये रक्त उशिरा गोठतं आणि कागदावर आकडा फुगतो. नळीवर रेघ असते, रक्त तिथपर्यंत यायला पाहिजे. नाही आलं तर ती नळी टाकून दुसरी घ्यायची, पाठवायची नाही. हे त्या मुलाला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हाला यंत्र घ्यायचं नसेल तर नका घेऊ, पण ती रेघ मात्र डोळ्यांनी बघत जा.

माझी मुलगी बेळगावात बीएस्सीला आहे. तिने मग हे प्रकरणच खोदून काढलं. या तपासणीच्या मागे आर्मंड क्विक नावाचा माणूस आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला, जन्म १८९४ चा. आधी रसायनशास्त्रात पीएचडी, नंतर डॉक्टरकी. मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात शिकवायचा. काविळीचे रुग्ण ऑपरेशनमध्ये रक्तस्रावाने का दगावतात, हा त्याचा प्रश्न होता. त्याने काय केलं, तर रक्तातून लाल पेशी बाजूला काढल्या, वरच्या पिवळ्या पाण्यात सशाच्या मेंदूपासून केलेला अर्क आणि कॅल्शियम घातलं आणि गुठळी धरायला किती सेकंद लागतात ते मोजलं. निरोगी माणसाचे साधारण बारा सेकंद. पित्ताची वाट अडून झालेल्या काविळीत जास्त. हिमोफिलियाच्या रुग्णाचं रक्त वाहायचं थांबत नाही, तरी या तपासणीत त्याचे सेकंद ठीकच येतात. म्हणजे रक्त न थांबण्याची कारणं दोन निराळी आहेत, हे १९३५ साली एका घड्याळाने आणि काचेच्या नळीने दाखवून दिलं. मला हा माणूस फार आवडला. मोठं यंत्र नाही, काही नाही, सेकंद मोजत बसलाय.

पुढे १९३७ साली त्याने गुरांच्या एका रोगावरही लिहिलं. सडलेला गोड क्लोव्हर, म्हणजे तिकडचा एक चारा, खाल्लेली गुरं रक्तस्रावाने मरायची. त्याच राज्यात मॅडिसनला कार्ल लिंक हा दुसरा रसायनशास्त्रज्ञ होता. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन त्याच्या दारात आला. लिंकच्या लोकांनी काही वर्षं खपून त्या चाऱ्यातलं विष वेगळं काढलं. त्यातूनच पुढे वॉरफरिन आलं. आधी ते उंदीर मारायला विकलं जायचं, माणसांना नंतर मिळालं. माझी ॲसिट्रॉम याच घराण्यातली. आमच्याकडे म्हशीला भिजलेलं, बुरसा आलेलं वैरण घालत नाहीत, हे सासऱ्यांनी कुठल्याही शास्त्रज्ञाशिवाय मला सांगितलं होतं. पण त्या बुरशीने रक्तात नेमकं काय बिघडतं, ते शोधायला लिंकच लागला.

आता आयएनआर. क्विकचा अर्क प्रत्येक लॅबमध्ये वेगळा, म्हणून एकाच माणसाचे सेकंद दोन ठिकाणी दोन यायचे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने यावर तोडगा काढला : प्रत्येक अर्क एका ठरलेल्या अर्काशी ताडून त्याला एक अंक द्यायचा आणि त्या हिशेबाने सेकंदांचं गुणोत्तर सारखं करून घ्यायचं. तो सारखा केलेला आकडा म्हणजे आयएनआर. त्यामुळेच खानापूरचा आकडा आणि बेळगावचा आकडा शेजारी ठेवता येतात, आणि घरच्या यंत्राला काही अर्थ राहतो.

आता यंत्राकडे येते. मोबाइलपेक्षा जाड, हातात मावणारं. सेलवर चालतं, म्हणजे पावसात तासन्‌तास लाइट नसली तरी अडत नाही. खानापुरात ही सोय लहान नाही. पट्ट्यांच्या प्रत्येक डबीबरोबर एक बारकी चिप येते, ती यंत्रात घालायची. डबी बदलली की चिप बदलायची. पट्टी खाचेत सरकवली की यंत्र ती गरम करतं आणि थेंबाची वाट बघतं. पट्टीवर क्विकच्या अर्कासारखाच पदार्थ वाळवून बसवलेला असतो, आता तो सशापासून काढत नाहीत, प्रयोगशाळेत बनवतात. रक्त त्यात मिसळलं की गोठण्याची साखळी सुरू होते आणि ती शेवटच्या टप्प्याला आली की विजेचा अगदी बारीक प्रवाह तयार होतो. यंत्र तोच पकडतं. मिनिटभरात आकडा.

सगळा खेळ थेंबाचा आहे. आठ मायक्रोलिटर लागतात, म्हणजे टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडा मोठा, लोंबणारा थेंब. हात कोमट पाण्याने धुवायचा, पुसून अगदी कोरडा करायचा, खाली सोडून थोडा हलवायचा. टोचायचं बोटाच्या टोकाला नाही, कडेला. मी डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट धरते, कारण उजव्या मधल्या बोटात दिवसभर अंगुस्तान असतं आणि डाव्या तर्जनीने कापड सरकवायचं असतं. टोचल्यावर पंधरा सेकंदांच्या आत थेंब पट्टीला लावायचा. साखरेच्या यंत्रात पहिला थेंब पुसायची सवय कुणाला असते, इथे पहिलाच थेंब वापरायचा. आणि बोट पिळायचं नाही. पिळलं की मांसातलं पाणी मिसळतं आणि ते पाणीच गोठणं सुरू करून देतं, आकडा चुकतो. विकणाऱ्याने दुकानात स्वतःचं बोट पिळून पिळून दाखवलं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते. थेंब कमी पडला तर यंत्र पट्टी नाकारतं आणि ती पट्टी वाया. तेव्हा जीव हळहळतो, कारण एका पट्टीची किंमत लॅबमधल्या एका तपासणीपेक्षा जास्त पडते.

हो, किंमत. पैसे वाचवायला कुणी हे घेऊ नका. बसभाडं आणि बुडालेला दिवस धरला तर माझा हिशेब जेमतेम बरोबरीत येतो. बेळगावात राहणाऱ्याचा येणार नाही. गल्लीच्या टोकाला चांगली लॅब असेल तर यंत्राचे पैसे दुसरीकडे लावा.

फायदा होतो तो वेळेत कळण्याचा. महिन्यातून एकदा बघायचं ते आता आठवड्याला बघते, आणि आकडा घसरायला लागला की घसरतानाच दिसतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांतल्या २,९२२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१० साली छापला. घरी दर आठवड्याला बघणारे आणि दवाखान्यात महिन्याला बघणारे यांच्यात पक्षाघात, मोठा रक्तस्राव किंवा मृत्यू यांचा फारसा फरक निघाला नाही. पण त्यांचे दवाखाने चोख होते, हे लक्षात घ्या. अर्धी नळी भरून पाठवणारे नव्हते. २०१२ साली लॅन्सेटमध्ये ११ चाचण्यांमधल्या ६,४१७ लोकांची माहिती एकत्र करून छापली, त्यात घरी बघणाऱ्यांमध्ये गुठळ्यांचे प्रकार जवळजवळ निम्मे झाले. मोठ्या रक्तस्रावात आणि मृत्यूंत मात्र फरक नाही. तेव्हा "जीव वाचवणारं यंत्र" असं जाहिरातवाल्याने म्हटलं तर थोडं कमी करून ऐकायचं.

आकडा कशाने हलतो? सगळ्यात जास्त खाण्याने आणि दुसऱ्या औषधांनी. ॲसिट्रॉम के जीवनसत्त्वाच्या आड येते, आणि ते जीवनसत्त्व असतं पालेभाजीत. मेथी, पालक, शेपू, अळू, राजगिरा. ऑपरेशननंतर कुणीतरी मला सांगितलं, हिरवं काही खायचं नाही. सासूबाई भडकल्या. "भाजी खाऊ नको म्हणून सांगतात व्हय? मग खायचं काय, खडं?" सासूबाईच बरोबर निघाल्या. भाजी सोडायची नाही, सारखी ठेवायची. एका आठवड्यात रोज मेथी आणि दुसऱ्या आठवड्यात एक काडी नाही, असं केलं की आकडा नाचतो. आमच्याकडे श्रावणात तेच होतं. पावसाने परसात अळू, केणा, टाकळा असं काय काय उगवतं, आणि घरात रोज तेच शिजतं. यंत्र आल्यापासून हे मला आकड्यात दिसायला लागलं : श्रावणाच्या मध्यावर २.३, गणपतीत गोडधोड सुरू होऊन भाजी मागे पडली की ३.४. डॉक्टरांना दोन्ही फोटो पाठवले. त्यांनी डोस तोच ठेवला आणि अळूला हप्त्याचं वेळापत्रक लावून दिलं. महिन्याच्या तपासणीत हा चढउतार कधी सापडलाच नसता.

औषधांचं तर विचारू नका. जुलाबावर मिळणारी मेट्रोनिडॅझोल आकडा चांगलाच वर नेते. ब्रुफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी आकडा फारसा हलला नाही, तरी पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मेडिकलमध्ये "डोकं दुखतंय, एक द्या" हा प्रकार आमच्यासारख्यांना बंद. काढे, चूर्ण घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि आकडा बघून स्वतःच गोळी कमी-जास्त करायची नाही. मी फोटो काढून पाठवते, उत्तर येईपर्यंत होतं तेच चालू. ४.५ च्या वर गेला तर फोटो पाठवून वाट बघत बसायचं नाही, थेट फोन, अशी आमची ठरलेली रेघ आहे. तुमची तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आता ती अर्धी गोष्ट, जी विकणारा सांगत नाही.

दोनेक वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ॲसिट्रॉमबरोबर ॲस्पिरिन ७५ ची गोळी जोडली. त्यानंतर माझ्या पांढऱ्या अस्तरांवर लाल ठिपके पडायला लागले. हुक लावताना सुई रोजच टोचते, त्याचं काही नाही. आधी दाबून धरलं की थांबायचं. आता बोट चोखत बसायला लागायचं, आणि तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग. मला वाटलं, आयएनआर भडकला असणार. यंत्रावर बघितलं तर ३.०. परत बघितलं, तेच. यंत्र बिघडलं म्हणून लॅबमध्ये दिलं, तिथे ३.१. आकडा शहाण्यासारखा जागेवर, आणि बोट थांबत नाही.

याचं उत्तर मुलीने दिलं आणि मी ते माझ्या कामाच्या भाषेत समजून घेतलं. जखम बंद होते ती ब्लाउज शिवल्यासारखी, दोन टप्प्यांत. आधी कच्ची टाच : रक्तातल्या प्लेटलेट फाटलेल्या जागी धावतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक तात्पुरतं बुजवतात. मग पक्की शिलाई : रक्तातले गोठवणारे घटक एकामागून एक जागे होतात आणि फायब्रिनचा दोरा विणून ती टाच घट्ट बांधतात. ॲसिट्रॉम पक्क्या शिलाईचा दोरा कमी करते. ॲस्पिरिन कच्ची टाच ढिली करतं. सुईच्या टोचणीसारख्या बारक्या जखमेला टाचच पुरते, म्हणून ॲस्पिरिन सुरू होताच ठिपके दिसले. आणि हे यंत्र, तसंच क्विकची तपासणी, बघतं ती फक्त पक्की शिलाई. प्लेटलेटबद्दल ते एक अक्षर बोलत नाही.

टोचल्यावर रक्त किती वेळ येतं हे मोजायची तपासणीही जुनीच आहे. १९१० साली विल्यम ड्यूक कानाच्या पाळीला टोचून दर अर्ध्या मिनिटाला टिपकागदावर थेंब टिपायचा, ठिपके थांबले की वेळ लिहायची. (माझ्या अस्तराचा टिपकागद झाला होता, एवढंच.) आणि गंमत म्हणजे क्विक म्हातारपणी याच वाटेला आला. १९६६ साली, सत्तरी ओलांडल्यावर, लोकांना ॲस्पिरिन देऊन आधी आणि नंतर रक्तस्रावाची वेळ मोजत होता. सगळी हयात पक्क्या शिलाईत घालवून शेवटी माणूस टाचेकडे वळला. १९७८ साली तो गेला.

प्लेटलेटचं शास्त्र त्या वेळी जोरात होतं. त्या पेशींचं काम १८८२ साली इटलीत ज्युलिओ बिझोझेरोने ओळखलं होतं, पण त्या चिकटतात कशा हे मोजायची सोपी युक्ती १९६२ साली लंडनमध्ये गुस्ताव बॉर्नने काढली. प्लेटलेटवालं गढूळ पाणी एका नळीत घ्यायचं, त्यातून उजेड सोडायचा. प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळा झाल्या की पाणी निवळतं आणि पलीकडे जास्त उजेड येतो. बस्स. अजूनही मोठ्या दवाखान्यांत हीच तपासणी होते. हा गुस्ताव म्हणजे भौतिकशास्त्रातल्या मॅक्स बॉर्नचा मुलगा. मॅक्स बॉर्न १९३५-३६ च्या सुमाराला सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून बेंगळुरूला येऊन राहिले होते, म्हणजे आमच्या कर्नाटकाशीही थोडा संबंध लागतो. ॲस्पिरिन आतून काय करतं हे १९७१ साली जॉन व्हेनने दाखवलं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, बिघडलेला भाग ती नव्याने बनवू शकत नाही. त्यामुळे एक गोळी तिला मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, निकामी ठेवते. दात काढायच्या आधी "आज फक्त ॲस्पिरिन घेऊ नका" म्हणून भागत नाही ते यामुळेच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत डेंग्यू फिरत होता तेव्हा हा घोळ चांगलाच उफाळला. शेजारणीच्या मुलाच्या प्लेटलेट ऐंशी हजारांवर आल्या. नेहमीच्या म्हणजे दीड ते साडेचार लाख. ती पोराला घेऊन दारात. "वहिनी, तुमच्या मिशनवर प्लेटलेट बघा की जरा. बेळगावला जायचं वाचंल." तिला खूप समजावलं की हे ते मिशन नाही, याच्यात आकडा चांगला आला म्हणून प्लेटलेट चांगल्या असं होत नाही. तिच्या नवऱ्याचं म्हणणं तर असं की प्लेटलेट कमी म्हणजे रक्त पातळ, मग वहिनी गोळी घेऊन मुद्दाम जे करतात तेच पोराला फुकट झालं. त्यांना हसावं की रडावं कळेना. शेवटी पोराला सरकारी दवाखान्यात पाठवलं, पाणी-सलाइनवर बरा झाला. पपईच्या पानांचा रसही पाजला त्यांनी, तो कशाने बरा झाला यावर अजून वाद चालू आहे. तापात डेंग्यूचा संशय असेल तर ॲस्पिरिन आणि ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, एवढं मात्र त्यांनी ऐकलं.

आता बारीकसारीक तक्रारी. पुस्तिकेत इंग्रजी आहे, आणि बाकी भाषांत मराठी नाही, कन्नडही नाही. सीमाभागात एवढा भाषेचा प्रश्न, आणि इथे दोघांचीही पंचाईत सारखीच. चित्रं बरी आहेत, चित्रांवरून जमतं. पट्ट्या ३० अंशांच्या वर ठेवायच्या नाहीत. एप्रिल-मेमध्ये माझ्या पत्र्याच्या दुकानात ते शक्यच नाही, म्हणून डबी घरातल्या फ्रिजच्या दारात ठेवते. ती काढल्या काढल्या वापरायची नाही, घडीभर बाहेर ठेवायची. डबीचं झाकण लगेच लावायचं, ओल गेली की पट्ट्या खलास, आणि आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीसुद्धा ओल धरतात. टोचलेल्या सुया दुकानातल्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. मी त्या तेलाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवते आणि दवाखान्यात नेऊन देते.

लॅब पूर्ण सोडलेली नाही. तीन-चार महिन्यांनी एकदा सकाळी घरी यंत्रावर बघायचं आणि त्याच दिवशी बेळगावात शिरेतून रक्त द्यायचं. दोन आकड्यांतला फरक ०.५ च्या आत असला की आमचे डॉक्टर समाधानी. आकडा चारच्या पुढे असेल तर यंत्र आणि लॅब जास्त फारकत घेतात, तेव्हा लॅबचा धरायचा. ज्यांना अँटिफॉस्फोलिपिड नावाचा रक्ताचा आजार आहे किंवा ज्यांचं हिमोग्लोबिन फारच खाली आहे, त्यांना ही यंत्रं दगा देऊ शकतात. त्यांनी विकत घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, दुकानदाराला नाही.

दुकानदारावरून आठवलं. बेळगावातल्या एका सर्जिकलच्या दुकानातून मी पट्ट्यांची दुसरी डबी आणली. घरी येऊन बघते तर मुदत संपायला सहा आठवडे, आणि डबीत चोवीस पट्ट्या. आठवड्याला एक वापरणाऱ्याने उरलेल्यांचं करायचं काय? भांडून बदलून घेतली, पण त्यासाठी परत बस. तेव्हापासून चोवीसऐवजी सहाची लहान डबी मागते, ती प्रत्येक वेळी मिळत नाही, म्हणून शेवटच्या दोन उरल्या की लगेच फोन करून ठेवते. काउंटरवरच चष्मा लावून तारीख वाचते, चिप डबीतच आहे ना ते उघडून बघते, आणि बिलावर लॉटचा नंबर लिहून घेते. दुकानदार कुरकुरतो. कुरकुरू दे.